शेवाळांतील नागअळी

टोमॅटोच्या पानांवर पांढऱ्या वेड्यावांकड्या रेषा उमटल्या, कीं नागअळी पडली असें बारामती-इंदापुराकडील शेतकरी ओळखतो. परंतु पाण्याखालच्या शेवाळासही नागअळी असते, हें थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून तिची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

नीरेच्या डाव्या कालव्याच्या संथ पाटांत व उजनीच्या फुगवट्याच्या कडेस वाढणाऱ्या शेवाळांत हायड्रिला ही वनस्पति असते. तिच्यावर जगणारी हायड्रेलिया पाकिस्तानी ही माशी भारत-पाकिस्तानांतलीच. १९७८ सालीं तिचें शास्त्रीय नामकरण झालें. आकारानें ती तिळाहूनही लहान. पाण्याबाहेर डोकावणाऱ्या शेंड्यांवर ती अंडीं घालते. तीन-चार दिवसांत अळी निघून पानांत शिरते व दोन पापुद्र्यांमधील हिरवा गर खाते. मागें पान काचेसारखें पारदर्शक उरतें. दोनदां कात टाकून पुरी वाढेपर्यंत एक अळी नऊ ते बारा पानें पोखरते. पुढें पानाच्या बेचक्यांत तिचा कोश होतो. कोशाच्या शेपटाकडील दोन सूक्ष्म कांटे खोडांत रुतलेले असतात. त्यांवाटे वनस्पतीच्या पोटांतील हवा तिला श्वासास मिळते. अखेर कोश फुटतो आणि हवेच्या बुडबुड्यांत बसून माशी कोरडीच पृष्ठभागीं येते! हा सारा संसार तीन-चार आठवड्यांचा.

मत्स्यपेट्यांच्या व्यापाराबरोबर १९५० नंतर हायड्रिला अमेरिकेंतील फ्लोरिडांत पोंचली व तिनें तेथील तळीं-कालवे कोंदून टाकले. वनस्पति गेली, तिला खाणारे कीटक मात्र माहेरींच राहिले. शेवटीं १९८७ सालीं ही माशी भारतांतून नेऊन तेथें सोडण्यांत आली. तरीही हायड्रिलेचा नायनाट झाला नाहीं. उजनींत माजणाऱ्या जलपर्णीची कथा याच्या उलट. ती दक्षिण अमेरिकेची. तिच्याकरितां तिकडचे भुंगेरे १९८० नंतर इकडे आणावे लागले. सांडपाण्यावर पोसणाऱ्या या पाहुणीस तेवढ्यानें आळा बसला नाहीं.

एकदां सुटलेली वनस्पति परत बोलावतां येत नाहीं, हा यांतील बोध. हल्लीं घरोघरीं काचेच्या पेटींत मासे पाळतात. पेटी धुतांना त्यांतील झाडें मुलांकरवीं पाटांत ओतूं नयेत. उन्हांत कडकडीत वाळवून खताच्या खड्ड्यांत टाकावींत. आणि कधीं पाटाकांठीं गेल्यास शेवाळाची एक काडी उजेडापुढें धरून पाहावी. एखादें पान काचेसारखें दिसलें, तर तेथें कोणाचा तरी संसार चालला होता असें समजावें.