एसीचा परवाना आणि माळ्यावरची नळी

नाशिकच्या एका भगिनींचं पत्र माझ्यापुढे आहे. त्यांची लेक लग्न होऊन अमेरिकेत लास वेगासला आली. गेल्या वर्षी दोघांनी जुनं घर घेतलं आणि आता त्यातला एसी बदलायचा आहे. लेक फोनवर म्हणाली, ‘आई, इथे त्याला सरकारी परवाना लागतो, मग तपासायला माणूस घरी येतो.’ बाई लिहितात, ‘आमच्याकडे दुकानदाराचा माणूस येतो, भिंतीला भोक पाडतो, चहा पितो नि दोन तासांत यंत्र लावून जातो. आपल्याच घरात गार हवा घ्यायला सरकारची परवानगी कशाला? एक कंत्राटदार परवान्याशिवाय करून द्यायला तयार आहे, पैसेही वाचतात, जावईबापूंचाही तोच विचार आहे. तुम्ही तिथेच राहता, तर तुमचं मत कळवा.’

मत मी एका वाक्यात देऊ शकते, पण ते पटायचं नाही. मला तरी कुठे पटलं होतं! म्हणून आमच्याच घरची गोष्ट सांगते.

लास वेगास मोहावीच्या वाळवंटात आहे. ७ जुलै २०२४ ला इथे १२० अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ ४९ अंश तापमान नोंदलं गेलं. या गावात इतकं ऊन पूर्वी कधीच नोंदलेलं नव्हतं. आणि आमचा एसी बसला तो नेमका त्याच आठवड्यात. सासूबाई नुकत्याच अकोल्याहून आल्या होत्या. त्यांना उन्हाचं भय नाही. ‘अगं, वाळ्याचा कूलर लाव की, एवढं काय!’ म्हणाल्या. कूलर इथेही मिळतो, कोरड्या हवेत चालतोही छान. पण जुलै-ऑगस्टात इथेही दमट वारे येतात आणि मग तो नुसता घरात ओल आणतो. शिवाय इथली घरं दारं-खिडक्या घट्ट बंद ठेवून राहायची. संध्याकाळपर्यंत भिंती तव्यासारख्या तापल्या. इथल्या उन्हात घाम दिसत नाही, अंगावरच सुकून जातो, त्यामुळे माणूस किती सुकलंय ते कळत नाही. सासूबाई दुपारपासून गप्प गप्प होत्या, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. रात्री त्यांना आणि मुलांना एका मैत्रिणीकडे नेऊन सोडलं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढचं सगळं तिच्यावर आहे. आपल्याकडे एसी म्हणजे खोलीतलं एक यंत्र. इथे सगळ्या घराला मिळून एकच व्यवस्था असते. बाहेर कॉम्प्रेसर, छताखालच्या माळ्यावर गार कॉइल आणि तिला जोडूनच गॅसची फर्नेस, म्हणजे घर तापवायची भट्टी. पंखा दोघींना एकच, हवा नेणारे डक्टही तेच. उन्हाळ्यात त्यातून गार वारा येतो, हिवाळ्यात गरम. वाळवंटात हीटर कशाला, असं मीही विचारलं होतं. पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इथे पारा शून्याच्या जवळ उतरतो. तेव्हा ‘एसी बदलला’ म्हटलं तरी कामगारांचा हात गॅसच्या भट्टीला लागतोच.

आमचं यंत्र जुनं, आर-२२ वायूवर चालणारं. अमेरिकेत या वायूचं उत्पादन आणि आयात २०२० पासून बंद झाली आहे. त्यामुळे दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ नव्हता. कॉइल, कॉम्प्रेसर, फर्नेस, सगळंच बदलायचं ठरलं.

पहिला कंत्राटदार आला तो गोड बोलणारा. ‘परवान्याच्या नादी लागलात तर आठवडा उन्हात बसाल. रोख द्या, उद्या गार करून देतो.’ आमचे हे लगेच तयार! मी लेखी कोटेशन मागितलं. त्यावर लायसन्स नंबर नव्हता. नेवाडा राज्यात कंत्राटदारांचं एक सरकारी बोर्ड आहे. एसीचं काम करायला त्याचं सी-२१ वर्गाचं लायसन्स लागतं, आणि नंबर व किती रकमेपर्यंतचं काम घेता येतं ती मर्यादा कोटेशनवर असावी लागते. नंबर मिळाला की बोर्डाच्या संकेतस्थळावर कुणालाही पडताळून पाहता येतो. या गृहस्थांनी नंबर विचारताच मोटारीत आहे म्हणून सांगितलं, मोटारीकडे गेले, ते गेलेच.

आठवडाभर उन्हात बसण्याची भीती मात्र खरी वाटत होती. म्हणून मी सरळ परवाना कार्यालयाला फोन लावला. शाळेला सुट्टी होती, वेळ होता, आणि इंग्रजी बोलायचा मला आता संकोच राहिलेला नाही. तिथे कळलं ते ऐकून मी कपाळाला हात लावला. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी घरबांधणीला जी नमुना नियमावली वापरतात, तिच्यात अडचणीच्या वेळेची सोय आहे. यंत्र तातडीने बदलायचं असेल तर काम आधी करा, अर्ज पुढच्या कामकाजाच्या दिवशी द्या! म्हणजे आठवडाभर ताटकळण्याची गोष्ट नुसती भीती घालायला होती. तुमच्या लेकीला सांगा, आपल्या कार्यालयाचा नियम आपण फोन करून विचारावा. कंत्राटदाराच्या तोंडून ऐकू नये.

दुसरे कंत्राटदार लायसन्सवाले मिळाले. त्यांनी घर मोजलं, खिडक्या कोणत्या दिशेला आहेत ते पाहिलं आणि किती टनांचं यंत्र हवं त्याचा हिशेब कागदावर मांडला. (मी मराठी घेऊन बी. ए. झालेली. टन म्हणजे यंत्राचं वजन असंच मला इतकी वर्षं वाटे! एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढं काम करणारं यंत्र एक टनाचं, हे त्यांनी सांगितलं.) शेजारणीने पाच टनी बसवलंय म्हणून आपणही बसवावं, असं करू नका. गरजेपेक्षा मोठं यंत्र सारखं चालू-बंद होतं, लवकर झिजतं आणि वीज खातं. आमच्या घराला चार टनच पुरे होतं. काम दीड दिवसात झालं, परवान्याचा अर्ज त्यांनीच ऑनलाइन भरला, फी बिलात धरली. घर गार झालं. सासूबाई परत आल्या, त्यांनी दुपारी पांघरूण मागितलं, आणि आम्ही सगळं विसरलो.

चूक इथे झाली, आणि ती माझीही होती.

परवाना काढला म्हणजे काम संपलं असं आपल्याला वाटतं. कागद म्हणजे नुसती सुरुवात. काम झाल्यावर तपासणीची वेळ मागायची, इन्स्पेक्टर येऊन पाहून सही करतो, तेव्हा परवाना पूर्ण होतो. पडून राहिला तर त्याची मुदत संपते. नमुना नियमावलीत काम थांबून १८० दिवस गेले की परवाना रद्द धरतात. आमच्या कंत्राटदारांनी तपासणीची वेळ घेतलीच नव्हती. पैसे मिळाले होते, गार हवा येत होती, कुणाला आठवण राहणार? ऑक्टोबरात दिवाळीची साफसफाई करताना फ्रिजच्या बाजूला चिकटवलेला तो कागद हाती आला. ‘अंतिम तपासणी’ या शब्दांपुढची जागा रिकामी. हे म्हणाले, ‘आता कशाला उकरून काढतेस? चाललंय ना सुरळीत!’ खरं सांगते, मीही तो कागद फायलीत ठेवून देणार होते. पण मुलांच्या वह्यांत तपासायची राहिलेली पानं दिसली की मला चैन पडत नाही, तसंच काहीसं झालं. कंत्राटदारांना फोन केला, दोनदा केला, तिसऱ्यांदा केला तेव्हा वेळ ठरली.

इन्स्पेक्टर सकाळी आले. पन्नाशीचे, अबोल. माळ्याखाली शिडी आधीच लावून ठेवली होती. (ही सूचना विसरू नका. वाट अडली असेल तर ते परत जातात आणि पुन्हा वेळ घ्यावी लागते.) आधी बाहेरच्या यंत्रावरची पाटी वाचून त्यांनी विजेचा ब्रेकर ताडून पाहिला. पाटीवर लिहिलं होतं त्याहून मोठा ब्रेकर बसवला होता. म्हणजे यंत्रात बिघाड झाला तरी तो वेळेवर पडला नसता. मग माळ्यावर गेले. कॉइलखालच्या तबकात पाणी साचलं तर यंत्र बंद करणारा खटका बसवलेलाच नव्हता. तसंच राहिलं असतं तर एखाद्या दिवशी छतातून पाणी गळलं असतं, एवढंच. मग बराच वेळ काही आवाज नाही. शेवटी त्यांनी मला शिडीवर चढून पाहायला सांगितलं.

फर्नेसमधला जळलेला वायू छपराबाहेर नेणारी जी नळी असते, तिचा एक सांधा नीट बसवून पक्का केलेला नव्हता. त्यांनी दोन बोटं लावली आणि नळी सरकली. मध्ये माझी मूठ जाईल एवढी फट. त्याच्या खालीच घरातली हवा परत ओढून घेणारा डक्ट, आणि त्याच्या खाली सासूबाईंची खोली. त्या जानेवारीपर्यंत आमच्याकडे राहणार होत्या. नोव्हेंबर लागला की हीटर सुरू होणार होता.

कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपेतलं माणूस तर उठतच नाही. आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावून अंघोळीला गेलेल्या माणसांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. हा वायू तोच. सासूबाईंना मी त्या दिवशी काही बोलले नाही. मागाहून सांगितलं तर म्हणाल्या, ‘अगं, आम्ही चुलीच्या धुरात जन्म काढला.’ पण आई, धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला काढतो, माणसाला उठवून बाहेर घालवतो. हा तसं करत नाही.

पुन्हा सांगते, हे काम लायसन्सवाल्या, चांगल्या म्हणवणाऱ्या माणसांनी केलं होतं. त्यांनी मुद्दाम केलं असंही मी म्हणत नाही. जुलैतला माळा म्हणजे भट्टीच. तिथे घाईघाईत बसवलेला सांधा राहून गेला. पण घरात आलेल्या सगळ्यांमध्ये आम्हाला काहीही विकायचं नसलेला माणूस एकच होता, तो इन्स्पेक्टर. परवान्याची फी आपण देतो ती त्या अर्ध्या तासासाठी. कंत्राटदारांनी दोन दिवसांत तिन्ही गोष्टी दुरुस्त करून दिल्या, फुकट, कारण सही अडली होती. दुसऱ्या तपासणीला सासूबाईंनी बेसनाचे लाडू पुढे केले. त्यांनी हात जोडले (कुणाकडून शिकले होते कोण जाणे), काही घेतलं नाही आणि सही करून गेले.

आता नाशिकच्या बाईंच्या लेकीसाठी थोडं कामाचं. पत्त्यात ‘लास वेगास’ लिहिलं म्हणून घर लास वेगास शहरात असतंच असं नाही. इथली दिव्यांनी झगमगणारी प्रसिद्ध स्ट्रिपसुद्धा बरीचशी शहराच्या हद्दीबाहेर, क्लार्क काउंटीच्या कारभाराखाली येते. हेंडरसन आणि नॉर्थ लास वेगासची कार्यालयं आणखी वेगळी. आधी आपली हद्द कोणती ते पाहावं. घर वसाहतीच्या संघात असेल आणि बाहेरचं यंत्र हलवायचं असेल तर संघाची मंजुरी लागू शकते. ती निराळी, तिने परवाना भागत नाही. आणि एखादा कंत्राटदार म्हणाला, ‘परवाना तुम्हीच घरमालक म्हणून तुमच्या नावावर काढा, काम मी करतो,’ तर त्याला दारातूनच निरोप द्यावा. त्यात सगळी जबाबदारी आपल्या गळ्यात येते, आणि बहुधा त्याच्याकडे लायसन्स नसतं म्हणूनच तो तसं सुचवतो.

जावईबापूंना पैशाचीच बाजू पटत असेल तर हेही सांगा. नेवाडात घर विकताना मालकाला एक छापील जाहीरनामा भरून द्यावा लागतो. परवान्याशिवाय काही काम केलं आहे का, असा प्रश्न त्यात आहे. ‘हो’ लिहिलं तर गिऱ्हाईक किंमत पाडतं, आणि खोटं ‘नाही’ लिहिलं तर पुढे कोर्टकचेरी. आज वाचलेले पैसे तिथे दामदुपटीने जातात.

आणि बाई, परवान्याचं ठरेल तेव्हा ठरेल. आज रात्री लेकीचा फोन आला की तिला एवढं विचारा, झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडची घंटा लावलेली आहे का. असली तर ती खाली काढून तिच्या पाठीवरची तारीख वाचायला सांगा. जुन्या घरातल्या घंटा पुष्कळदा मुदत संपून गेलेल्या असतात. आमचीही संपली होती.