गोवर गेला म्हणजे संकट टळले काय?

गोवर बालपणी एकदा यायचाच, पुरळ ओसरले की मूल मोकळे झाले, अशी समजूत आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवावा, चार दिवस जपावे, झाले! ही समजूत आता सोडून दिली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारण क्वचित एखाद्या मुलाच्या मेंदूत गोवराचा विषाणू दडून राहतो. मूल बरे होते, हसू-खेळू लागते. मग साधारणतः सात ते दहा वर्षांनी ते अभ्यासात मागे पडते, स्वभाव पालटतो, हातापायांना झटके येतात. पुढे वाचा आणि समजही जाते. मेंदूच्या या दाहास डॉक्टर ‘एसएसपीई’ म्हणतात. तो बरा करणारा इलाज अद्याप नाही. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांना हा धोका अधिक असतो.

इतर विषाणूंवरही संशोधकांची नजर आहे. २०२२ साली अमेरिकन सैन्यातील एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदी तपासता, एप्स्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका ३२ पट वाढलेला आढळला. २०२५ साली वेल्समधील अभ्यासात नागिणीची लस घेतलेल्या वृद्धांत सात वर्षांच्या काळात स्मृतिभ्रंश सुमारे एक-पंचमांशाने कमी दिसला. म्हणून घरातील आजोबांचा प्रत्येक विसर विषाणूच्या माथी मारू नये. तो शोध अजून चालू आहे. गोवराबाबत मात्र शंका उरलेली नाही.

२०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहारीनमधून गोवराचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. ही अभिमानाची गोष्ट होय. पण २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात, गोवराची साथ पसरली आणि बालके दगावली. ईसा टाउनमधील आपली मुले सुटीत आजोळी जातात ती त्याच मुंबईवरून. विषाणूला पासपोर्ट लागत नाही.

लशीमुळेच मेंदूचा रोग होतो, ही भीती निराधार आहे. उलट लसच त्याला रोखते. तेव्हा पालकांस आमचे आग्रहाचे सांगणे एवढेच की, विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी मुलांचे लसीकरणाचे कार्ड काढून पाहावे. दोन मात्रांपैकी एखादी राहिली असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे. आज चुकलेल्या मात्रेची किंमत मूल दहा वर्षांनी मोजील, तेव्हा आपल्या हाती काहीच नसेल.