मागील बाकी पुढे

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी घरांत नवी वही उघडली जाते. कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते, शुभ-लाभ लिहिले जाते आणि मग मुनीम पहिली नोंद करतो ती जुन्या वहीतील बाकीची. वही नवी झाली म्हणून जुने येणे बुडत नाही आणि देणेही सुटत नाही. पेढीच्या व्यवहारात हा नियम सर्वांच्या अंगवळणी पडलेला असतो. जीवनविषयक विचारांच्या बाबतीत मात्र माणूस तो सहज विसरतो. नवा ग्रंथ वाचनात आला, नवे व्याख्यान कानी पडले, की कालपर्यंतचे सारे आचरण फोल वाटू लागते. जुनी वही फाडली जाते आणि कोऱ्या पानापासून आरंभ होतो. विचार बदलणे निराळे आणि विचार खोल होणे निराळे. हा भेद ज्याच्या आयुष्यात स्पष्ट दिसतो असा एक श्रावक सुमारे 400 वर्षांपूर्वी आगऱ्यात होऊन गेला. तो जवाहिरांचा व्यापारी होता आणि कवीही होता. त्याचे नाव बनारसीदास.

संवत 1643 मध्ये जौनपूर येथे एका श्रीमाळ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील खरगसेन जवाहिरांचा व्यापार करीत. वयाच्या 55 व्या वर्षी, संवत 1698 म्हणजे इ. स. 1641 मध्ये, बनारसीदासांनी आपले चरित्र पद्यात लिहिले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य 110 वर्षांचे मानून त्यांनी त्याला ‘अर्धकथानक’ असे नाव दिले. भारतीय भाषांतील आरंभीच्या आत्मचरित्रांत या ग्रंथाची गणना होते. तो दीर्घकाळ हस्तलिखितांत राहिला. पुढे पंडित नाथूराम प्रेमी यांनी तो संपादित करून 1943 मध्ये मुंबईहून प्रसिद्ध केला. बनारसीदासांनी त्यात नफ्यातोट्याबरोबर आपल्या श्रद्धेचे चढउतारही कोणतीही सारवासारव न करता नोंदविले आहेत.

तरुणपणी त्यांना काव्याचा आणि शृंगाराचा विलक्षण नाद होता. त्याच वयात जौनपूरला आलेल्या खरतरगच्छाच्या एका मुनींकडे ते धर्मशिक्षणही घेत होते. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी चालल्या होत्या. याच काळात एका संन्याशाने त्यांना एक मंत्र दिला. वर्षभर गुप्तपणे जप केला की दाराशी रोज एक सुवर्णनाणे सापडेल, असे आश्वासन त्यासोबत होते. वर्ष सरले, नाणे काही सापडले नाही. त्यानंतर एका योग्याच्या सांगण्यावरून ते लाभाच्या आशेने शंखाची नित्य पूजा करू लागले. संवत 1662 मध्ये अकबर बादशहाच्या मृत्यूची वार्ता जौनपुरात पोहोचली. नगरात घबराट पसरली, दुकाने बंद झाली, लोकांनी मौल्यवान वस्तू पुरून ठेवल्या. ती वार्ता ऐकताच बनारसीदास मूर्च्छा येऊन जिन्यावरून कोसळले आणि त्यांच्या डोक्याला जखम झाली. बरे झाल्यावर त्यांच्या मनात विचार आला, की आपण पडलो तेव्हा ही पूजा आपल्या साह्याला का आली नाही? त्यांनी ती पूजा सोडून दिली.

येथे उणीव उपास्य देवतेची नव्हती, उपासनेमागील अपेक्षेची होती. इतके दिले तर इतके मिळावे, या बोलीवर उभी असलेली श्रद्धा पहिल्याच तोट्यात बुडते. त्यानंतर थोड्याच दिवसांत बनारसीदासांनी स्वतःच्या शृंगारिक काव्याची सुमारे हजार पद्यांची पोथी गोमती नदीत सोडून दिली. मग ते नियमधर्माकडे वळले. मंदिरदर्शनाशिवाय अन्न न घेणे, सामायिक, प्रतिक्रमण, रोजचे चौदा नियम असा क्रम सुरू झाला. हे पाहून घरचे आनंदले. पण येथेही वही बदलली होती, बाकी पुढे आली नव्हती. आचार स्वीकारला गेला, पण त्याचे प्रयोजन अद्याप उमगले नव्हते.

संवत 1667 मध्ये वडिलांनी त्यांना जवाहीर, तूप, तेल आणि जौनपुरी कापड देऊन आगऱ्यास व्यापारासाठी पाठविले. व्यवहाराचा अनुभव नसल्याने तोटा झाला आणि काही रत्ने हरवलीही. हाती काही उरले नाही, तेव्हा एका कचोरीवाल्याने त्यांना सहा-सात महिने उधारीवर खाऊ घातले. पुढे दिवस पालटल्यावर त्यांनी त्याचा 14 रुपयांचा हिशोब चुकता केला. श्रद्धेच्या बाबतीत अद्याप चाचपडणारा हा तरुण व्यवहारातील देणे मात्र विसरला नाही.

खरी परीक्षा पुढे होती. संवत 1680 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, एका स्नेह्याने त्यांना आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसार’ ग्रंथावरील पंडित राजमल्लांची टीका वाचावयास दिली. समयसार निश्चयनयाच्या भूमिकेवरून आत्म्याचे शुद्ध स्वरूप सांगतो. त्या दृष्टीने पाहता आत्मा कर्मांचा कर्ताही नाही आणि बद्धही नाही. बनारसीदासांनी ते वाचले आणि त्यांना वाटले, की आत्मा जर मुळातच शुद्ध आहे तर या क्रिया कशासाठी? जप, तप, सामायिक, प्रतिक्रमण सारे सुटले. देवापुढील नैवेद्यदेखील ते व त्यांचे मित्र खाऊ लागले. चार मित्र एका खोलीत वस्त्रे टाकून वावरत आणि आपण परिग्रहरहित मुनी झालो असे म्हणत. लोकांनी नावे ठेवली, टोपणनावेही पाडली. क्रियेतील रस गेला होता आणि आत्म्याचा रस अद्याप लाभला नव्हता. आपण ना जमिनीवर होतो ना आकाशात, अशा आशयाची स्वतःची थट्टा बनारसीदासांनी पुढे केली आहे.

बनारसीदासांनी वाचलेला सिद्धान्त असत्य नव्हता. चूक होती ती तो स्वतःच्या खाती जमा करण्यात. जमाखर्च जाणणारा मनुष्य हा दोष तत्काळ ओळखील. येणे वसूल होण्यापूर्वीच ते उत्पन्न म्हणून जमेस धरले, की वही भरलेली दिसते आणि तिजोरी रिकामी राहते. सिद्धांची अवस्था ग्रंथात वाचून ती आपली मिळकत मानणे हा तसाच प्रकार होय. अशी पेढी काही काळ झोकात चालते, पण पहिली हुंडी वटविण्याची वेळ आली की उघडी पडते.

ही अवस्था थोडीथोडकी नव्हे, तब्बल बारा वर्षे टिकली. संवत 1692 च्या सुमारास पांडे रूपचंद नावाचे विद्वान आगऱ्यास आले. अध्यात्मात रुची असलेल्या मंडळींनी त्यांच्याकडून ‘गोम्मटसार’ या ग्रंथाचे वाचन करविले. हा ग्रंथ दहाव्या शतकातील आचार्य नेमिचंद्र सिद्धान्तचक्रवर्ती यांचा. श्रवणबेळगोळ येथे बाहुबलींची भव्य मूर्ती उभारणाऱ्या चामुंडरायांचे ते समकालीन. गोम्मटसारात चौदा गुणस्थानांचे विवेचन येते. चौथ्या गुणस्थानी दृष्टी सम्यक झालेली असते, पण व्रत नसते. पाचव्या गुणस्थानी श्रावकाची अंशतः व्रते येतात. सहाव्यापासून मुनीचा महाव्रतरूप आचार सुरू होतो. त्या त्या स्थानाचे जसे ज्ञान, तशीच त्या स्थानाला साजेशी क्रिया, हा त्याचा मथितार्थ.

हे ऐकल्यावर बनारसीदासांची गाठ सुटली. रूपचंदांनी त्यांना समयसार सोडावयास सांगितले नाही आणि केवळ क्रियाकांडाकडे परत पाठविलेही नाही. निश्चय हे गंतव्य आहे आणि व्यवहार ही त्याकडे जाणारी पायवाट आहे, एकाला धरून दुसऱ्याला नाकारणे हा एकांत होय, एवढे त्यांना उमगले. ते स्याद्वादात स्थिर झाले. पुढच्याच वर्षी, संवत 1693 मध्ये, त्यांनी ‘समयसार नाटक’ रचले. ज्या ग्रंथाच्या अर्धवट वाचनाने त्यांना बारा वर्षे भरकटविले होते, त्याच ग्रंथावर त्यांनी आपली सर्वांत परिपक्व रचना केली. आयुष्यात प्रथमच त्यांनी जुनी वही न फाडता मागील बाकी पुढे ओढली होती. बालपणीचे प्रतिक्रमण, मधल्या काळातील निश्चयाची ओढ आणि उतारवयातील विवेक या तिन्ही नोंदी आता एका खात्यात आल्या.

याचा अर्थ सर्व देणी फिटली असा मात्र नव्हे. त्यांना नऊ अपत्ये झाली आणि नवही निघून गेली. पानगळीनंतरच्या वृक्षांसारखे आपण उभयता मागे उरलो, असे त्यांनी लिहिले आहे. त्याच ठिकाणी, ज्याचा परिग्रह जितका घटतो तितकी त्याला शांती लाभते, असेही ते म्हणतात. ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी आपल्या गुणदोषांची यादीच दिली आहे. क्रोध, मान आणि माया पाण्यावरील रेघेसारख्या क्षणिक उरल्या, परंतु लक्ष्मीचा मोह अजून प्रबळ आहे, ही नोंद त्यांनी आपल्याच हाताने केली. समयसारावर अधिकाराने लिहिणाऱ्या माणसाने लोभाची बाकी लपविली नाही. आपल्या गुणस्थानाची त्यांना आता खरी ओळख पटली होती, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

आजच्या व्यापारी कुटुंबांतही हा प्रसंग निराळ्या रूपाने घडतो. घरातील तरुण चार पुस्तके वाचतो आणि वडीलधाऱ्यांच्या सामायिकाला निव्वळ सवय म्हणतो. वडील त्याच्या प्रश्नांना उद्धटपणा समजतात. एकाने क्रिया टाकली, दुसऱ्याने तिचा अर्थ विचारणे सोडले, आणि दोघेही एकेका पायरीवर थांबले. पर्युषणात व्याख्यानाला शेजारी शेजारी बसूनही पितापुत्रांत अंतर वाढत जाते ते यामुळेच.

परिग्रह-परिमाण व्रताचे उदाहरण घेतले तर वाट अधिक स्पष्ट होईल. प्रथम श्रावक एक आकडा ठरवितो, की याहून अधिक संपत्ती ठेवणार नाही. काही वर्षांनी त्याच्या ध्यानात येते, की आकडा इतका उंच धरला होता की त्याला कधी धक्काच लागला नाही. तो मर्यादा खाली आणतो. पुढे त्याला जाणवते, की वस्तू घटल्या तरी ‘माझे’पण घटलेले नाही, आणि उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून न करता आसक्तीवरून का केली, हे तेव्हा उलगडते. तरीही आकड्याची ती पहिली मर्यादा निरर्थक ठरत नाही. ती नसती तर आसक्ती मोजावयाला मापच नसते. व्रत तेच राहते, त्याचा अर्थ मात्र दर टप्प्यावर खोल होत जातो.

म्हणून पाडव्याला पेढीच्या वह्यांबरोबर आणखी एक लहान वही प्रत्येक कुटुंबाने उघडावी. गेल्या वर्षी कोणता नियम घेतला होता, तो कितपत पाळला, तो घेताना काय समजले होते आणि आज काय समजते, एवढ्या चार ओळी पुरेत. पिता आणि पुत्र दोघांनी त्या लिहाव्यात आणि एकमेकांस वाचून दाखवाव्यात. ज्या खात्यात अजून लोभाची बाकी निघते तेथे ती तशीच दाखवावी आणि पुढील पानावर ओढावी. पुढील वर्षाचा आरंभ तेथूनच व्हावयाचा असतो.