ट्यूबलाइट लावली म्हणजे दिवस उजाडत नाही

जुलै लागला की दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. "डॉक्टर, काही करावंसंच वाटत नाही. सारखी झोप येते, सारखं काहीतरी खावंसं वाटतं. व्हिटॅमिन डीचं इंजेक्शन देता का?" मी विचारतो, दिवसभर बसता कुठे? उत्तर ठरलेलं. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, ट्यूबलाइट चालू.

डी कमी असेल तर जरूर घ्या. पण ते तयार होतं त्वचेत. मेंदूतल्या घड्याळाला 'दिवस उजाडला' ही खबर जाते डोळ्यांतून. दृष्टिपटलात त्यासाठी वेगळ्या पेशी आहेत आणि त्यांना भरपूर उजेड लागतो. उजेड लक्समध्ये मोजतात. घरातल्या दिव्याखाली जेमतेम १०० ते ३०० लक्स असतो, तर बाहेर आभाळ भरलेलं असलं तरी हजारोंत. डोळा जुळवून घेतो, म्हणून आपल्याला खोली लख्ख वाटते. फसगत होते ती इथेच.

डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली अमेरिकेत हिवाळी नैराश्याचं वर्णन केलं. त्यावर आज सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसवतात. पण तो आजार तिकडच्या आखूड दिवसांचा. आपल्याकडे जुलैत दिवस तेरा तासांचा असतो! ढग असतात हे खरं, पण निम्म्याहून जास्त अंधार आपण पडदे ओढून घरात आणलेला असतो. आधीची पिढी पावसाळ्यात पडवीत बसून तांदूळ निवडायची. आरोग्यासाठी नव्हे, आत दिसायचं नाही म्हणून.

आणि रात्री? अकरा वाजता डोक्यावर पांढरा एलईडी, हातात मोबाइल. जेव्हा उजेड हवा तेव्हा नाही, नको तेव्हा भरपूर.

तेव्हा सकाळी खुर्ची खिडकीला अगदी चिकटून लावा. काच बंद असली तरी चालेल, पडदा नको. पाऊस थांबला की अर्धा तास बाहेर पडा. जेवणानंतर मोठे दिवे मालवून एखादा मंद पिवळा दिवा ठेवा. ऑनलाइन मिळणारा प्रखर दिवा मात्र मनाने आणू नका. बायपोलर आजारात त्याने उन्माद उसळू शकतो, दृष्टिपटलाचा आजार असेल तरी आधी विचारा.

उदासी दोन आठवडे हटली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. जगणंच नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी.