ढगाळ म्हणजे कोणते ढग?

द्राक्षबागायतदारांच्या बोलण्यात ‘वातावरण खराब आहे’ आणि ‘ढगाळ आहे’ ही दोन वाक्ये एकमेकांच्या जागी इतक्या सहज येतात की, आभाळ भरले म्हणजे डाऊनी येणार आणि डाऊनी येणार म्हणजे ब्लोअर बाहेर काढायचा, हा क्रम विचारावाचूनच चालू राहतो. गोडी छाटणीनंतर परतीचा पाऊस रेंगाळलेल्या वर्षी ज्या फवारण्या होतात, त्यांतील काही तरी केवळ या एका शब्दाच्या सैल वापरापायी होतात, असे या मासिकाचे मत आहे.

हवामान विभागाच्या जिल्हावार कृषी सल्ल्यात, जो मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो, पुढील पाच दिवसांचे मेघाच्छादन ऑक्टा या एककात दिलेले असते; आभाळाचे आठ समान भाग कल्पून त्यांपैकी किती भाग झाकलेले असतील ते हा आकडा सांगतो, म्हणजे 0 हे निरभ्र आणि 8 हे पूर्ण झाकलेले आभाळ. मात्र सहा-सात किलोमीटरच्या वर ताणलेला बर्फकणांचा विरळ पडदा असो वा जेमतेम किलोमीटरभर उंचीवर दाटलेले करडे छत असो, आकडा दोन्हींना 8 च मिळू शकतो.

बागेला हा फरक रात्री कळतो. सूर्यास्तानंतर जमीन व पाने आपली उष्णता आभाळाकडे सोडत थंड होतात. खालच्या थरातील दाट ढग त्यातील बरीच उष्णता पुन्हा खाली पाठवतात, त्यामुळे पानांचे तापमान दवबिंदूपर्यंत, म्हणजे हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानापर्यंत, सहसा उतरत नाही आणि दव पडत नाही. उंचावरचा विरळ पडदा हे काम फारच अर्धवट करतो. डाऊनीच्या बुरशीला पानात शिरण्यासाठी पानावर काही तास पाणी टिकावे लागते, तर भुरीला अशा पाण्याची गरज नसते. दमट हवा आणि मंद उजेड तिला पुरतो. म्हणूनच पाऊस न देता दिवसचे दिवस ठाण मांडून बसलेले खालचे ढग भुरीची चिंता वाढवतात, आणि पावसानंतर संध्याकाळी आभाळ मोकळे होऊन वारा पडला, की बागायतदार ज्या वेळी सुटकेचा श्वास टाकतो नेमक्या त्याच रात्री डाऊनीला लागणारा ओलावा तयार होतो.

ढगांची आजची नावे ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या औषध-व्यावसायिकाने 1802 मध्ये मांडलेल्या वर्गीकरणातून वाढली असून मुख्य प्रकार दहा मानले जातात. बागेत ते सगळे पाठ असण्याची गरज नाही. सावली आणि बोटे पुरेशी आहेत. पडदा असूनही डांबाची सावली जमिनीवर स्पष्ट पडत असेल आणि सूर्याभोवती खळे दिसत असेल, तर तो उंचावरचा तंतुस्तर मेघ होय. सूर्य घासलेल्या काचेतून दिसावा तसा फिकट होऊन सावली नाहीशी झाली, तर तो मध्यस्तर मेघ. गठ्ठ्यागठ्ठ्यांच्या ढगांसाठी हात पूर्ण लांब करून, क्षितिजापासून बरेच वर पाहून, बोटे धरावीत: एकेक गठ्ठा करंगळीच्या रुंदीमागे झाकला गेला तर ढग उंचावरचे, एक ते तीन बोटांत मावला तर मध्यम उंचीचे, आणि तीन बोटांबाहेर गेला तर ते खालचे स्तरराशी मेघ.

मध्यम उंचीच्या गठ्ठ्यांचा एक प्रकार मात्र निराळा ओळखावा. सकाळीच एका सपाट तळावर किल्ल्याच्या बुरुजांसारखे लहान सुळके ओळीने उठलेले दिसले, तर वरची हवा अस्थिर असल्याची ती खूण असते आणि दुपारनंतर गडगडाटाची शक्यता वाढते. मग दुपारी वाढणाऱ्या राशिमेघाच्या माथ्यावर नजर ठेवावी. तो फुलकोबीच्या गड्ड्यासारखा रेखीव आहे तोवर त्यात बहुतांशी पाण्याचे थेंब असतात; कडा पुसट होऊन माथा पिंजलेल्या कापसासारखा झाला आणि लोहाराच्या ऐरणीसारखा पसरू लागला, म्हणजे वर बर्फ तयार झाला आणि ढग गर्जन्मेघ झाला. गारा अशाच ढगातून येतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट ज्यांनी सोसली त्यांना हे आभाळ नव्याने दाखवायला नको. पण ऐरण दिसल्यावर उरलेला वेळ बागेतील माणसे आडोशाला नेण्याचा असतो, फवारा आटोपण्याचा नव्हे.

निर्यातीसाठी नोंदविलेल्या बागांमध्ये फवारणीची नोंदवही ठेवलीच जाते. तिच्यात तारीख, औषध व मात्रा यांच्या शेजारी आभाळाचा एक रकाना वाढवणे कठीण नाही, आणि त्यात ‘ढगाळ’ असे न लिहिता इतके लिहिले तरी पुरे: ‘सकाळी 7, गठ्ठे तीन बोटांहून मोठे, डांबाची सावली नाही, संध्याकाळी 6, पश्चिम मोकळी, वारा नाही, पहाटे 5, पाने ओली.’