आधी मोजू, मग भांडू : नाशिककरांचा जाहीरनामा

गोदेला पूर आला की नाशिककर एकमेकांना एकच विचारतो : दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढले? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. नारोशंकराच्या घंटेला पाणी लागले म्हणजे महापूर. हे माप मानताना कोणी कोणाचा झेंडा पाहत नाही. रामकुंडावरचा पुरोहित आणि भांडी बाजारातला दुकानदार एकाच मापावर विसंबून सामान वर हलवतात. मात्र हा पाऊस असा का वागतो आहे आणि पुढे कसा वागेल, एवढे कोणी विचारले, की तेच लोक आधी विचारणारा कोणत्या गटाचा ते पाहतात आणि मग उत्तर खरे की खोटे ते ठरवतात. मारुतीच्या मापावर जो भरवसा आपण ठेवतो तोच हवामानाच्या विज्ञानावर ठेवता यावा, यासाठी ही चळवळ आम्ही सुरू करत आहोत.

आमच्यात द्राक्षबागायतदार आहेत, विज्ञानाचे शिक्षक आहेत, लासलगावच्या बाजार समितीत कांदा घेणारे आणि विकणारे दोन्ही आहेत, वारकरी आहेत, वेगवेगळ्या पक्षांचे कार्यकर्ते आहेत. निवडणुकीत आम्ही एकमेकांविरुद्ध काम केले आहे आणि पुढेही करू. त्यावर या चळवळीचे काहीच म्हणणे नाही.

2025 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तपोवनात काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी सतराशे-अठराशे झाडांवर कुऱ्हाड येणार अशी बातमी आली. अभिनेते सयाजी शिंदे आले, आंदोलने झाली, सभा झाल्या. बघता बघता झाडे राखा म्हणणारा कुंभमेळ्याचा विरोधक ठरला आणि कुंभमेळा नीट व्हावा म्हणणारा झाडांचा वैरी. त्या गदारोळात साधे प्रश्न बुडाले. झाडे कोणती, किती वयाची? त्यांच्या सावलीतले आणि शेजारच्या डांबरी रस्त्यावरचे दुपारचे तापमान किती? एका जुन्या वडाऐवजी लावलेली रोपे किती वर्षांनी तेवढी सावली देतील? यांची उत्तरे मोजून मिळणारी होती. ती मिळाली असती तर कदाचित वाद मिटला नसता, पण निदान तो नाशिकच्या उन्हाळ्याबद्दल झाला असता. प्रत्यक्षात तो कोण कोणत्या बाजूचा याबद्दल झाला.

लोकांना विज्ञान शिकवले की असले वाद मिटतात, असे वाटणे साहजिक आहे. ते पुरेसे नाही. अमेरिकेत येल विद्यापीठाचे डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की ज्यांना विज्ञान आणि आकडेमोड जास्त कळते त्यांच्यातच हवामान बदलाबद्दलची गटागटांमधली दरी सर्वांत रुंद आहे. शिकलेला माणूस आपल्या गटाची बाजू अधिक हुशारीने लढवतो, एवढेच. आपल्याकडे अमेरिकेसारखी दरी नाही. ‘हवामान बदल थोतांड आहे’ असे छापणारा मोठा पक्ष महाराष्ट्रात नाही. ही आपली जमेची बाजू आहे आणि ती हातातून जायच्या आत काम केले पाहिजे. तपोवनाने दाखवले, की दरी पडायला महिनाभर पुरतो.

म्हणून आम्ही दोन गोष्टी वेगळ्या ठेवणार आहोत.

पहिली मोजण्याची. कोळसा आणि डिझेल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो. 1958 साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर तो मोजायला सुरुवात केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 315 भाग होता. आज तो 420 च्या वर आहे. हवा एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि धरलेले बाष्प सोडते तेव्हा एकदम सोडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवून दिले, की मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्या. वाढीचे एक कारण तापणाऱ्या अरबी समुद्रात आहे. यावर मतदान घेता येत नाही.

दुसरी वाटणीची. झळ कोणी सोसायची, पैसा कोणी द्यायचा, एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातल्या कामगाराच्या पोटाचे काय, एका अमेरिकन माणसाच्या वाट्याचे उत्सर्जन भारतीयाच्या कितीतरी पट असताना आपण किती आणि कधी कमी करायचे, हे सारे राजकारण आहे आणि ते झालेच पाहिजे. जोरात झाले पाहिजे. जायकवाडीचेच पाहा. 15 ऑक्टोबरला तिथला साठा 65 टक्क्यांहून कमी असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचे, या सूत्रावर नाशिक आणि मराठवाडा वर्षानुवर्षे भांडत आहेत. ते भांडण न्याय्य आहे. पण धरणात पाणी किती आहे, यावरही दोन्हीकडचा विश्वास उडाला तर भांडायलाही काही उरत नाही.

मोजणीला खरे राहायचे तर आपल्या सोयीच्या खोट्यालाही नकार द्यावा लागेल. प्रत्येक पूर हवामान बदलाने आला असे आम्ही म्हणणार नाही. नाले बुजवले, पूररेषेच्या आत बांधकामे केली, आणि पाणी घरात शिरल्यावर ‘निसर्गाचा कोप’ म्हणून हात झटकले, तर तेही आम्ही बोलू. तासाला 100 मिलिमीटर पाऊस झाला तर ती ढगफुटी. तेवढा झाला नसेल तर बातमीत आवडो न आवडो, ढगफुटी म्हणू नये. 2016 च्या एप्रिलात रामकुंड कोरडे पडले, टँकरने पाणी आणून भरावे लागले, आणि त्याच पावसाळ्यात गोदेला पूर आला. यात पावसाचा लहरीपणा किती, धरणातल्या पाण्याच्या नियोजनाचा भाग किती, कुंडांच्या तळाशी ओतलेल्या काँक्रीटचा किती, हे वेगवेगळे करून सांगणे म्हणजेच साक्षरता.

या गावाला ही परंपरा नवी नाही. भगूरला जन्मलेल्या सावरकरांनी विज्ञाननिष्ठेवर निबंध लिहिले. 1930 साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि 1935 साली येवल्याला धर्मांतराची घोषणा करणारे डॉ. आंबेडकर आयुष्यभर बुद्धीला पटेल तेच मानत आले. या दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या आणि त्यांना मानणारे आजही समोरासमोर उभे राहतात. पण पुराव्याकडे पाठ फिरवायला दोघांपैकी कोणाचाही आधार घेता येणार नाही. 2021 च्या डिसेंबरात नाशिकला 94 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष होते जयंत नारळीकर. एका वैज्ञानिकाला मराठी साहित्याने हा मान दिला. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. त्याच आठवड्यात, ऐन डिसेंबरात, जिल्ह्यात अवकाळी पाऊस कोसळला आणि द्राक्षबागांमध्ये डाऊनी रोगावरच्या फवारण्यांची धावपळ सुरू झाली.

द्राक्षशेतकऱ्याइतका हवामानाचा अभ्यास कोणी करत नसेल. ऑक्टोबरात गोडी छाटणी केल्यावर तो रोज आकाश वाचतो. पोंग्यात पाऊस आला तर काय, फुलोऱ्यात आला तर काय, मण्यात पाणी भरल्यावर आला तर मणी कसे तडकतात, हे त्याला तोंडपाठ असते. 2023 च्या नोव्हेंबरात निफाडकडे गारांनी बागा झोडपल्या, तेव्हा त्याला कोणी हवामान बदल शिकवायला नको होते. पण अतिवृष्टीच्या नुकसान भरपाईसाठी महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरची नोंद लागते, आणि मंडळाचे यंत्र त्याच्या शिवारापासून कित्येक किलोमीटर दूर असते. तिथे ऊन, इथे चिखल. त्याचा आकड्यावरचा विश्वास इथेच तुटतो, आणि मग यूट्यूबवरचा जो ठाम आवाजात तारीख सांगेल तो त्याचा हवामानतज्ज्ञ होतो. दोष शेतकऱ्याचा नाही. आकडा त्याच्यापासून लांब ठेवला गेला.

आमचे पहिले काम म्हणूनच गावोगावी साधे पर्जन्यमापक बसवण्याचे. शाळेच्या किंवा मंदिराच्या मोकळ्या आवारात, झाडापासून आणि भिंतीपासून दूर. नोंद रोज सकाळी साडेआठला, हवामान खाते घेते त्याच वेळी. आमचा नियम एकच आणि तो मोडणार नाही : नोंद दोघांनी मिळून घ्यायची, आणि ते दोघे एका पक्षाचे नसावेत. दोघांच्या सह्या होतील तोच आकडा फळ्यावर लागेल. जिथे दुसऱ्या बाजूचा माणूस मिळणार नाही, तिथे तो मिळेपर्यंत आम्ही मापक बसवणार नाही. शहरात तपोवन, रविवार कारंजा, सातपूर आणि पाथर्डी फाटा इथे एप्रिल-मे महिन्यांत तापमान असेच जोडीने मोजू. विज्ञान शिक्षकांना सोबत घेऊन ग्रामसभेत या नोंदी वाचून दाखवू, आणि वाचणारा आपले मत त्यात मिसळणार नाही. मत सांगायला ग्रामसभा आहेच.

आमची पहिली मागणीही सांगून ठेवतो. सिंहस्थाची मुख्य स्नाने 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, भर पावसाळ्यात आहेत. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले तर रामकुंडावर पाणी किती चढेल आणि किती तासांत, हा तक्ता मराठीत, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक घाटावर लागला पाहिजे. ही मागणी घेऊन पालिकेत आणि जलसंपदा खात्यात जाणाऱ्या शिष्टमंडळात गोदाघाटावरचे पुरोहित असतील आणि तपोवनात झाडाला मिठी मारून उभे राहिलेले तरुणही असतील. दोन्हींपैकी एक बाजू जरी आली नाही तरी त्या दिवशी शिष्टमंडळ जाणार नाही.

वर्गणी नाही. पद नाही. ज्याला यायचे आहे त्याने आपल्याशी राजकारणात न पटणारा एक माणूस सोबत आणावा. दोघांची नावे एकत्रच नोंदवली जातील.