माफी मिळाली, न्याय मिळाला का?

युद्ध पेटले की आघाडीवर जाण्यास नकार देणारा सैनिक लगेच 'भित्रा' ठरतो. त्याचे मन खचले आहे का, हे तपासायला कुणाला वेळ नसतो. सप्टेंबर २०२२ मध्ये रशियाने सैन्यभरती जाहीर केली आणि त्याच सुमारास पलायन व शरणागतीच्या शिक्षा कडक केल्या. जानेवारी २०२३ मध्ये युक्रेननेही कायदा बदलला. आज्ञाभंग आणि पलायनाच्या खटल्यांत शिक्षा सौम्य करण्याचा न्यायाधीशांचा अधिकार काढून घेतला. युद्ध लादणारा आणि युद्ध सोसणारा देश आम्ही एका मापाने मोजत नाही. पण खचलेल्या सैनिकाचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

यातून काय घडते, हे पहिल्या महायुद्धाने दाखवले आहे. ब्रिटिश सैनिक हॅरी फार १९१५ मध्ये 'शेल शॉक'मुळे, म्हणजे तोफगोळ्यांच्या भडिमारातून आलेल्या मानसिक आघातामुळे, काही महिने रुग्णालयात होता. सप्टेंबर १९१६ मध्ये सोमच्या लढाईत त्याने पुढे जाण्यास नकार दिला. लष्करी न्यायालयात त्याची बाजू मांडायला कुणीही नव्हते. सुनावणी जेमतेम वीस मिनिटे चालली. ऑक्टोबरमध्ये त्याला गोळ्या घातल्या. मागे राहिलेल्या पत्नीचे निवृत्तिवेतनही बंद झाले.

त्याच युद्धात ऑस्ट्रेलियाच्या शंभराहून अधिक सैनिकांना देहदंड सुनावला गेला, पण एकाचाही अंमलात आला नाही. कारण तेथील १९०३ च्या कायद्यानुसार अशा शिक्षेला गव्हर्नर जनरलची मंजुरी लागत होती. अंतिम निर्णय सेनेबाहेर असल्याने माणसे वाचली.

ब्रिटनने २००६ मध्ये फारसह ३०६ सैनिकांना माफी दिली. मात्र त्यांची दोषसिद्धी रद्द केली नाही. माफी अपराध्याला देतात. आजारी माणसाला उपचार द्यायचे असतात.

हा प्रश्न केवळ परदेशाचा नाही. आपल्या सेना कायदा १९५० च्या कलम ३४ नुसार शत्रूसमोर भ्याडपणा दाखवल्यास आजही मृत्युदंडापर्यंत शिक्षा होऊ शकते. सैन्यात शिस्त हवीच, याबद्दल आमचा वाद नाही. पण अशा प्रत्येक खटल्यात आधी स्वतंत्र मानसोपचारतज्ज्ञाची तपासणी, आरोपीला वकील आणि सेनेबाहेरील न्यायालयाचा शेवटचा शब्द, एवढे तरी बंधनकारक असले पाहिजे. गोळी झाडल्यानंतर नव्वद वर्षांनी आलेली माफी कुणालाच परत आणत नाही.